त्याग आणि हक्क : एका आईच्या आठवणीने

मृत व्यक्तीविषयी वाईट बोलू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण सर्वच जाणतो. म्हणूनच दफनविधीनंतर घरी जमलेली मंडळी दिवंगताचे गुण आठवतात. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत इमामत करताना मी अशा अनेक बैठकींत बसलो आहे. घरातील माता निवर्तली असेल, तर एक वाक्य हमखास कानी पडते : "तिने स्वतःसाठी कधी काहीच मागितले नाही." ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. मीही दुआपूर्वी हे वाक्य अनेकदा उच्चारले आहे. परंतु गतवर्षी माझी आई अल्लाहला प्रिय झाली आणि हेच शब्द माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून आले, तेव्हा प्रथमच मनात प्रश्न उभा राहिला : हे तिचे कौतुक आहे, की आमच्याविरुद्धची साक्ष?

आईचे माहेर जुन्नरचे. या गावात हातकागद बनवणाऱ्या कागदी मुस्लिमांची वस्ती होती आणि जुन्नरी कागदावर पेशवाईची दप्तरे लिहिली गेली. ज्या गावाने इतरांच्या हिशेबासाठी कागद पुरवला, त्या गावच्या लेकींचा हिशेब मात्र कोणत्या दप्तरात सापडावा? लग्न होऊन ती मंचरला आली. अब्बांचा बांगड्यांचा धंदा होता. नारायणगाव, ओतूर, घोडेगाव असे आठवडे बाजार करून ते रात्री उशिरा परतत. मग आई दिव्याखाली बसून मापाप्रमाणे बांगड्या वेगळ्या करी, तडकलेल्या निवडून काढी आणि फजरच्या अजानपूर्वी पुन्हा चुलीपुढे असे. तिला लिहिता येत नव्हते, पण कोणाकडे किती उधारी हे तोंडपाठ असे. मला मदरशात पाठवण्यासाठी तिने पायांतील चांदीचे तोडे मोडले. पुढे मी मराठी विषय घेऊन बी. ए. करू लागलो, तेव्हा नातलग हसले. ती एवढेच म्हणाली, "ज्यांच्यात राहायचे, त्यांच्याशी नीट बोलता आले पाहिजे."

अब्बा वारले तेव्हा मी नुकताच आलिम होऊन परतलो होतो. जनाजा उचलण्यापूर्वी वडीलधाऱ्या स्त्रियांनी आईला मय्यतीजवळ आणले आणि म्हणाल्या, "मेहेर माफ केला म्हण." आई म्हणाली, "माफ केला." तिला कोणी विचारले नव्हते, सांगितले होते. मी दाराशी उभा होतो. मेहेर पत्नीला खुशीने द्यावा आणि तिने मनापासून त्यातले काही सोडले, तरच ते पतीने भोगावे, ही सूरह अन्-निसाच्या ४थ्या आयतीची आज्ञा मला पाठ होती. मेहेर हे कर्ज आहे आणि दिवंगताचे कर्ज फेडल्याशिवाय वारसा वाटता येत नाही, हेही मी शिकलो होतो. तरीही मी गप्प राहिलो. शोकाच्या घरी मसला कसा काढावा, अशी मनाची समजूत घातली. त्यापूर्वी तिने जुन्नरच्या घरातील आपल्या हिश्श्याचे हक्कसोडपत्रही करून दिले होते, माहेरचा उंबरा तुटू नये म्हणून. पुढे हे दोन्ही प्रसंग आम्ही तिच्या मोठ्या मनाचे दाखले म्हणून सांगत आलो.

येथेच विचार करावा लागतो. त्याग कशाला म्हणावे? ज्याच्या हाती काही आहे आणि ते न देण्याची ज्याला मोकळीक आहे, त्याने दिले तर तो त्याग. नकार दिल्यास माहेर तुटेल किंवा चारचौघांत नाव निघेल, अशा स्थितीत जे सोडावे लागते त्याला त्याग म्हणणे ही देणाऱ्याची स्तुती नव्हे; घेणाऱ्याने स्वतःला दिलेली ती सूट आहे. आईने तोडे मोडले तो त्याग होता. तिने ते आपण होऊन काढले. कोणी मागितले नव्हते. मेहेर मात्र तिच्या हाती कधी आलाच नाही, मग तिने सोडले काय?

आदरणीय खदीजा (रजि.) यांचे चरित्र या प्रश्नावर प्रकाश टाकते. त्या स्वतः व्यापार करीत. संपत्ती त्यांची होती. ती त्यांनी स्वेच्छेने सत्याच्या कार्यात लावली. आणि प्रेषितांनी (स.) त्यांची आठवण कशी जपली? बकरी कापली की त्यांच्या मैत्रिणींकडे आवर्जून वाटा जाई. बद्रच्या युद्धानंतर कन्या जैनब (रजि.) यांनी कैदेतील पतीच्या सुटकेसाठी एक हार पाठवला. तो आई खदीजांनी लेकीला दिलेला होता. हार पाहून प्रेषितांचे (स.) हृदय भरून आले. परंतु त्यांनी तो आपल्या अधिकारात परत पाठवला नाही. तुम्हाला योग्य वाटले तर कैद्याला सोडा आणि हार परत करा, असे सहाबांना विचारले. डोळ्यांत पत्नीची आठवण असतानाही इतरांच्या हक्काला त्यांनी परस्पर हात लावला नाही.

कोणी म्हणेल, आईच्या मायेत हा रुपया-पैशांचा हिशेब कशाला? शंका रास्त आहे. मायेचा हिशेब होत नाही, होऊही नये. पण सूरह अन्-नहलच्या ९०व्या आयतीत अल्लाहने प्रथम न्यायाची आज्ञा दिली आहे, मग उपकाराची, मग आप्तांना देण्याची. उपकार न्यायाच्या पुढची पायरी आहे. खालची पायरी काढून घेतली, तर वरचीवर कोणी कसे उभे राहावे?

आईच्या निधनानंतर तिच्या पेटीत निकाहनामा सापडला. त्यावरील रक्कम आजच्या मानाने किरकोळ होती. घर किरकोळ नव्हते. आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. बहिणीसाठी हक्कसोडपत्राचा मसुदा तयारच होता. मी भावाला म्हटले, "एकदा दाराशी गप्प उभा राहिलो. पुन्हा राहणार नाही." तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी इशाच्या नमाजनंतर मशिदीत थांबला आणि म्हणाला, "हिशेब सांग." मेहेरचे कर्ज, अब्बांच्या मालमत्तेतील आईचा आठवा हिस्सा, मग उरलेले, सर्व मांडल्यावर बहिणीच्या वाट्याला एकूण पाचवा हिस्सा येत होता. ती म्हणाली, "मला नको." मी म्हटले, "आधी हातात घे. मग ठेवायचे की द्यायचे, ते तू ठरव."

तिने घेतले. त्याचे पुढे काय केले, हे मी विचारले नाही. तो माझा अधिकार नव्हता.

आईच्या पायाशी जन्नत असल्याचे आपण व्यासपीठावरून सांगतो. तिच्या हातात तिचा हक्क आहे का, हे घरात पाहत नाही. ज्यांच्या माता हयात आहेत, त्यांनी आजच निकाहनामा उघडावा. ज्यांच्या नाहीत, त्यांनी बहिणींकडे पाहावे. अल्लाह माझ्या आईची मगफिरत करो, माझे त्या दिवशीचे मौन क्षमा करो आणि आपणा सर्वांना हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.