घरात काय आहे?



मुंब्रा-कौसा असो, ठाण्यातील राबोडी असो की कल्याणचा दूध नाका, आपल्या वस्त्यांतील बहुतेक घरांत आज एकच विवंचना आहे. एका पगारात भागत नाही. घरभाडे, मुलांची फी, लोकलचा पास आणि वडीलधाऱ्यांची औषधे यांतच महिना संपतो. मग घरातील मंडळी विचार करू लागतात, घरबसल्या एखादा लहानसा धंदा करता येईल का? आणि करायचाच तर कोणता? हा प्रश्न दुनियादारीचा आहे, दीनचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी समजू नये. ज्या दीनने नमाजनंतर जमिनीवर पांगून अल्लाहचा अनुग्रह शोधण्याची आज्ञा दिली (सूरह अल्-जुमुआ, आयत १०), त्या दीनने तो कसा शोधावा हेही शिकविले आहे.

सुनन अबू दाऊदमध्ये एक प्रसंग आला आहे. अन्सारपैकी एक गरजू गृहस्थ प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागण्यासाठी आले. प्रेषितांनी त्यांना विचारले, की तुमच्या घरात काहीच नाही का? ते म्हणाले, की एक जाडेभरडे वस्त्र आहे, त्याचा काही भाग आम्ही पांघरतो आणि काही अंथरतो. आणि पाणी पिण्याचा एक लाकडी कटोरा आहे. प्रेषितांनी (स.) त्या दोन्ही वस्तू मागविल्या, स्वतःच्या हातात घेतल्या आणि उपस्थितांना विचारले, की या कोण विकत घेईल? एकाने एक दिरहम देऊ केला. यापेक्षा अधिक कोण देईल, असे पुन्हा विचारल्यावर दुसऱ्याने दोन दिरहम दिले. ते त्या गृहस्थांच्या हातावर ठेवून प्रेषितांनी सांगितले, की एका दिरहमचे धान्य घेऊन घरी पोहोचवा आणि दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे पाते आणा. पाते आल्यावर त्यांनी स्वतःच्या पवित्र हातांनी त्याला दांडा बसविला. जा, लाकडे तोडून विका आणि पंधरा दिवस माझ्या नजरेस पडू नका, असे फरमाविले. पंधरा दिवसांनी ते गृहस्थ दहा दिरहम कमावून परतले. काहींचे कापड घेतले, काहींचे अन्नधान्य. तेव्हा प्रेषितांनी समजावले, की मागण्याचा डाग चेहऱ्यावर घेऊन कयामतच्या दिवशी यावे, त्यापेक्षा हे बरे.

घरातून धंदा सुरू करू इच्छिणाऱ्याला लागणारे सारे मार्गदर्शन या एका प्रसंगात आहे. आपण ते क्रमाने पाहू.

पहिला प्रश्न घराविषयी

कोणत्या धंद्यात जास्त पैसा आहे, असे प्रेषितांनी (स.) विचारले नाही. घरात काय आहे, हे विचारले. आपण मात्र उलट क्रमाने चालतो. शेजारच्या इमारतीत कोणी केकचे दुकान थाटले की आपणही ओव्हन आणतो. मग तो सहा महिन्यांनी कपाटावर धूळ खात पडतो. त्याऐवजी एका कागदावर लिहावे, की या घरात कोणाला काय येते, कोणती वस्तू आहे आणि दिवसातून किती तास खरोखर मोकळे आहेत. सासूबाईंच्या हाताला तांदळाच्या भाकरीची आणि कोकणी मसाल्याची सवय असेल. सुनेने शिवणकाम शिकलेले असेल आणि मशीन घरातच असेल. मुलीला गणित उत्तम येत असेल, किंवा लहान मुलांना नाझरा कुरआन शिकविण्याची तिची तयारी असेल. हीच आपली चादर, हाच आपला कटोरा.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. पुढे देशभर पोहोचलेल्या लिज्जत पापडाची ही सुरुवात. त्या भगिनींनी नवी विद्या शिकून धंदा उभारला नाही. हाताला जे येत होते तेच त्यांनी नीटनेटके करून बाजारात नेले.

दुसरा प्रश्न शेजाराविषयी

आपल्याला येते म्हणून ते विकले जाईलच असे नाही. माननीय अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हिजरत करून रिकाम्या हातांनी मदीनेत आले, तेव्हा त्यांचे अन्सारी बंधू साद बिन रबी (रजि.) यांनी आपली अर्धी संपत्ती देऊ केली. त्यांनी साद यांना बरकतची दुआ दिली आणि बाजाराचा रस्ता विचारला. पनीर आणि तुपाच्या खरेदी-विक्रीने त्यांनी सुरुवात केली (बुखारी). म्हणजे ज्या वस्तूला रोज गिऱ्हाईक आहे, ती त्यांनी निवडली.

आपल्या भागाकडेही याच नजरेने पाहावे. डोंबिवलीत आणि ठाण्यात पोळी-भाजी केंद्रे का चालतात? कारण पती-पत्नी दोघेही सकाळच्या लोकलने कामावर जातात आणि रात्री दमून परततात. तेथे पोळी ही रोजची गरज आहे. ज्या वस्तीत घरोघरी भाकऱ्या थापल्या जातात, तेथे तीच भाकरी कोण विकत घेणार? पण तेथे जूनमध्ये शाळेचे गणवेश लागतात, रमजान ईदपूर्वी शिवणकामाला हात पुरत नाहीत, परीक्षेच्या दिवसांत शिकवणी हवी असते. शिवणकाम करणाऱ्यांना उल्हासनगरचा कापडबाजार जवळच आहे. म्हणून सुरुवात करण्यापूर्वी ओळखीच्या दहा घरी जाऊन विचारावे, की तुम्ही हे सध्या कोठून घेता, किती दाम देता आणि त्यात काय कमी वाटते? ही दहा उत्तरे कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगी पडतील.

जाहिरातीचा विषय निघाला म्हणून सावध करणे आवश्यक आहे. घरबसल्या पेन्सिली किंवा पेन भरून महिन्याला हजारो रुपये कमवा, आधी नोंदणीचे पैसे भरा, असे संदेश मोबाईलवर येतात. जो काम देतो तो मजुरी देतो, मजुराकडून पैसे घेत नाही. जेथे माल विकण्यापेक्षा नवी माणसे जोडण्यावर कमाई ठरते, तेथे शेवटच्या माणसाचे बुडणे निश्चित असते. आणि तो शेवटचा माणूस बहुधा आपलाच नातेवाईक असतो.

भांडवल कोठून आणावे?

प्रेषितांनी (स.) दोन्ही दिरहम धंद्यात घातले नाहीत. आधी घरच्यांचे अन्न आणि मग कुऱ्हाड. घरखर्चाचा पैसा धंद्यात ओतू नये आणि धंद्याचा पैसा घरखर्चात मिसळू नये, हा धडा त्यात आहे. दोन वेगळे डबे, दोन वेगळ्या वह्या.

आता सर्वांत कठीण गोष्ट. आज आपल्या अनेक भगिनी गटाच्या नावावर, आठवड्याच्या हप्त्याने व्याजी कर्ज घेतात. पैसा घरपोच मिळतो, म्हणून सोपा वाटतो. परंतु धंद्याला पहिली मिळकत येण्याआधीच पहिला हप्ता दारात उभा राहतो. तो भरण्यासाठी दुसरे कर्ज, त्यासाठी तिसरे, आणि गटातील मैत्रिणींसमोर मान खाली. अल्लाहने व्यापार हलाल केला आणि व्याज हराम ठरविले (सूरह अल्-बकरा, आयत २७५), त्यात दुर्बलांचे केवढे संरक्षण आहे, हे अशा घरात गेल्यावर कळते.

मग मार्ग काय? धंदा इतका लहान ठेवावा की तो स्वतःच्या बचतीतून किंवा एखादा दागिना विकून सुरू होईल. तेही नसेल तर नातेवाइकांकडून कर्जे हसना घ्यावे, आणि ते लिहून, साक्षीदारांसह घ्यावे. पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत याच विषयावर आहे (अल्-बकरा, २८२). भागीदारीचाही मार्ग आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम, नफ्याचे प्रमाण आधी ठरलेले. तोटा झाला तर भांडवलदाराचा पैसा जातो आणि श्रम करणाऱ्याचे श्रम जातात. मात्र वीस हजार घे आणि दरमहा हजार रुपये नफा दे, मग धंदा चालो वा न चालो, असा करार भागीदारी नव्हे. त्याला नफा म्हटल्याने तो नफा होत नाही. ते व्याजच आहे. आपल्या घरांत हा करार सर्रास होतो, म्हणून हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

आणि ज्यांना अल्लाहने ऐपत दिली आहे, त्यांनी स्वतःस विचारावे, की आपल्या इमारतीतील एका विधवेला शिलाई मशीनपुरते बिनव्याजी कर्ज मी दिले असते, तर ती त्या गटात गेली असती का? कुऱ्हाडीला दांडा बसविणे ही प्रेषितांची (स.) सुन्नत आहे.

पंधरा दिवसांचा हिशेब

प्रेषितांनी मुदत ठरवून दिली. आपणही पंधरा दिवस किंवा महिना ठरवावा आणि मग वही उघडावी. उदाहरणादाखल, रीत कळावी एवढ्यासाठीच, समजा रोज ९० पोळ्या ७ रुपयांनी विकावयाच्या आहेत. विक्री ६३० रुपये. पीठ, तेल, गॅस आणि पिशव्या मिळून खर्च २७० रुपये धरला, तर ३६० रुपये उरतात. पण १५ पोळ्या उरल्या तर १०५ रुपये कमी झाले. दोन गिऱ्हाइकांनी उधारी ठेवली तर हातात आणखी कमी. या कामाला चार तास लागत असतील, तर त्या तासांचे मोल किती पडले, हेही पाहावे. आकडे नकोसे वाटले तरी ते लपवू नयेत. धंदा बंद करावा लागला तर त्यात नामुष्की नाही; तोट्यातील धंदा कर्ज काढून चालविण्यात मात्र नुकसान आहे.

बरकतच्या अटी

प्रेषितांनी (स.) बाजारातील धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसविणारा आपल्यापैकी नाही, असे बजावले (मुस्लिम). कालची पोळी आजची म्हणून देणे, मसाल्यात भर घालणे, शिवायला आलेल्या कापडातून तुकडा राखून ठेवणे, ईदपूर्वी देण्याचे वचन देऊन ईदनंतर कपडे देणे, हे सारे त्याच ढिगातील ओले धान्य आहे.

कायद्याचे पालनही अमानतदारीतच येते. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यास एफएसएसएआयची नोंदणी घ्यावी लागते. घरगुती गॅस सिलिंडर विक्रीच्या स्वयंपाकासाठी नसतो. म्हणून व्यावसायिक सिलिंडरचा खर्च आधीच हिशेबात धरावा. लहान उद्योगासाठी असलेली उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते. तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत.

शेजाऱ्याचा हक्कही विसरू नये. रात्री बारा वाजता चालणारे मशीन, जिन्यात वाळत घातलेली मासळी, खोकला आणणारा मिरचीचा खकाणा, यांनी शेजारी त्रस्त झाला तर त्या कमाईत बरकत कशी येईल?

कमाई कोणाची?

शेवटची गोष्ट पुरुषांसाठी. पुरुषांनी कमावले त्यात त्यांचा वाटा आणि स्त्रियांनी कमावले त्यात त्यांचा वाटा, हे अल्लाहने स्पष्ट केले आहे (सूरह अन्-निसा, आयत ३२). पत्नी कमावू लागली म्हणून पतीवरील पालनपोषणाची जबाबदारी संपत नाही. माननीय अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या पत्नी जैनब (रजि.) यांनी विचारले होते, की मी पतीवर आणि माझ्याकडील अनाथांवर खर्च केले तर चालेल का? त्यांना दुहेरी पुण्य मिळेल, असे प्रेषितांनी (स.) सांगितले, एक नातेसंबंधाचे आणि एक सदक्याचे (बुखारी). जे सदका ठरते, ते हक्काने हिसकावून घेता येत नाही. पहाटे उठून ९० पोळ्या लाटणाऱ्या भगिनीचा डबा तिच्याच ताब्यात राहू द्यावा. आणि ती लाटत असताना घरातील पुरुषाने भांडी घासली, तर त्याचा मान कमी होत नाही, प्रेषित (स.) घरी असत तेव्हा घरच्यांच्या कामात हातभार लावीत, असे माननीय आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे.

म्हणून आज इशाच्या नमाजनंतर घरातील सर्वांनी एकत्र बसावे आणि तोच जुना प्रश्न एकमेकांना विचारावा, की आपल्या घरात काय आहे? उत्तर लहान आले तरी लाजू नये. त्या अन्सारी गृहस्थांचेही उत्तर लहानच होते.

अल्लाह आपल्या घरांना हलाल रोजी, हातांना काम आणि अल्प कमाईतही बरकत प्रदान करो. आमीन.