भिंतीची बाहेरची बाजू

स्वयंपाकघरातील धूर बाहेर काढण्यासाठी भिंतीला भोक पाडायचे, तर ते कोठे पाडायचे? प्रश्न गवंड्याचा वाटतो. पण पिंपरी, चिंचवड, मोशी, चिखली या भागांतील सोसायट्यांच्या सभांना जे नेमाने बसतात, त्यांना हे भोक चांगले परिचयाचे आहे. खालच्या मजल्यावरील कुटुंब चिमणी बसवते. तिची सहा इंची नळी ड्राय बाल्कनीतून किंवा न्हाणीघराच्या डक्टमधून बाहेर निघते. गरम हवा वर चढते. आणि वरच्या मजल्यावरील खिडकीच्या जाळीला, वाळत घातलेल्या कपड्यांना तेलाचा चिकट थर धरू लागतो. मग जिन्यात भेटल्यावर नमस्कार थांबतो. पुढे सोसायटीला पत्र जाते, आणि पत्राला उत्तर वकिलाचे येते.

एवढ्याशा विषयाला या पानांवर जागा कशाला, असे कोणी विचारील. शेजारी हा शब्द ज्यांच्या श्रद्धेच्या गाभ्याशी आहे, त्यांनी तरी तसे विचारू नये.

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पाहता पाहता येथील शेतांचे प्लॉट झाले. १९८२ मध्ये महानगरपालिका आली. १९९१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आत असलेली शहराची वस्ती २०११ मध्ये सव्वासतरा लाखांवर गेली. नगर आणि जालना जिल्ह्यांतून, गोव्यातून, मंगळुराहून, केरळातून आलेली आपली माणसे त्यात आहेत. त्यांच्या शेजारी मराठवाड्यातील, खानदेशातील, राजस्थानातील, बिहारमधील कुटुंबे आहेत. गावी चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघे आणि साऱ्या आळीवर पसरे. कोणाचा धूर कोणाकडे गेला, याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. अर्थात ती आळी बहुधा एकाच जातीची असे, हे विसरून त्या दिवसांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. इमारतीत बांगड्याची कढी आणि तुपाची फोडणी एकाच डक्टमध्ये भेटतात.

चिमणी बसवणाऱ्याची बाजू आधी ऐकली पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या घरातील बाईने डोळे चोळीत, खोकत स्वयंपाक केला; तो धूर तिच्या छातीतून निघून बाहेर गेला ही लहान गोष्ट नव्हे. परंतु तो गेला कोठे? औद्योगिक पट्ट्यातील माणसाला हा प्रश्न नवा नसावा. विजेच्या जनित्राचे धुराडे किती उंच हवे, याचे सूत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने घालून दिले आहे: इमारतीची उंची, अधिक जनित्राच्या केव्हीए क्षमतेच्या वर्गमुळाचा पाचवा हिस्सा, इतके मीटर. म्हणजे शंभर केव्हीएच्या जनित्राचे धुराडे इमारतीहून दोन मीटर वर गेले पाहिजे. भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यात दिवसभर असल्या नियमांत वावरणारा फिटर घरी येऊन नळीचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीखाली ठेवतो, तेव्हा तो दुष्ट असतो असे नाही. आपल्या घरातला धूर गेला, एवढेच त्याला दिसते. भोक पाडणाऱ्याच्या वाट्याला भिंतीची आतली बाजू येते. बाहेरच्या बाजूला राहतो तो दुसराच कोणी. म्हणून नळी वळवण्याचे पहिले कर्तव्य आम्ही चिमणीवाल्यावर टाकतो. वरचा फार तर खिडकी लावून घेईल. नळी छतापर्यंत नेणे, तिचे तोंड रस्त्याकडे फिरवणे, जाळी वेळच्या वेळी धुणे, या गोष्टी खालच्याच्याच हातात आहेत.

कायद्याचा कलही असाच आहे. १८८२ चा ईझमेंट अ‍ॅक्ट, म्हणजे सुविधाधिकाराचा कायदा, आपल्याकडे येणारी हवा दुसऱ्याने अवाजवी दूषित करू नये, हा मालकाचा स्वाभाविक हक्क मानतो. त्याही फार पूर्वी, १६१० मध्ये, इंग्लंडात एका गृहस्थाने घराशेजारच्या डुकरांच्या खुराड्याविरुद्ध दावा लावला होता. माणसाने इतके नाजूक नाक बाळगू नये, असा प्रतिवादीचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. पण त्याच खटल्यात हेही सांगितले गेले की खिडकीतून दिसणारा देखावा गेला म्हणून दावा लावता येत नाही. हवा ही गरज आहे, देखावा ही आवड.

गरज आणि आवड यांतील ही रेघ आपल्या वादांत मात्र पुसट होते, कारण एकाच नळीतून दोन गोष्टी बाहेर पडतात. एक धूर, आणि दुसरी आपल्या घरात काय शिजते याची बातमी. धुराने डोळे चुरचुरतात. बातमीने कोणाचे डोळे चुरचुरत नाहीत, तरी तक्रार होते. आपल्या ताटातल्या सुकटीला आपण खमंग म्हणतो. तीच सुकट दुसऱ्याच्या तव्यावर असली की दुर्गंधी होते. नाताळात व्हिनेगर घातलेले डुकराचे मांस रटरटू लागले की ज्यांना बारा महिने चिमणीचा त्रास नव्हता, त्यांना तो एकाएकी जाणवतो, हा अनुभव अनेक घरांना आहे. अशा तक्रारीपुढे मान तुकवणे म्हणजे आपले ताट दुसऱ्याच्या स्वाधीन करणे होय, आणि तसे करण्यास आम्ही कोणालाही सांगणार नाही. मात्र याची उलट बाजूही आहे. वरच्या मजल्यावरील दम्याच्या रुग्णाने खरोखरच धुराबद्दल तोंड उघडले, तरी ‘आमच्या खाण्यावर डोळा आहे’ असे म्हणून त्याला गप्प करता येते. अल्पसंख्य माणसाला ही ढाल सहज हाती लागते.

म्हणून तक्रार करणाऱ्याने स्वतःला विचारावे: हा धूर वरणाच्या फोडणीचा असता, तर मी पत्र लिहिले असते का? आणि चिमणीवाल्याने विचारावे: वरच्या मजल्यावर आपल्याच धर्मग्रामातले कुटुंब असते, तर मी नळी आतापर्यंत फिरवली नसती का?

करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीतही अन्नावरूनच तंटा होता. मूर्तींपुढे ठेवलेले मांस खावे की नाही, असा तो प्रश्न होता. बाजारात मिळेल ते चौकशी न करता खावे, असे संत पौलाने स्पष्ट सांगितले. आपल्या मोकळेपणाचा न्याय दुसऱ्याच्या विवेकाने का व्हावा, असेही विचारले. तरीही भावाला अडखळण होत असेल तर आपण मांस कधीच खाणार नाही, असेही तोच म्हणाला. या दोन विधानांत आम्हांस विसंगती दिसत नाही. ज्याचा हक्क शाबूत आहे, त्यालाच तो सोडता येतो. शेजाऱ्याला आपल्याकडून त्याग मागण्याचा अधिकार नसतो. आपल्याला तो देण्याचा असतो. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात २०१९ मध्ये एका शाकाहारी बाईने शेजाऱ्याच्या अंगणातील मासळी भाजण्याच्या वासाविरुद्ध लवादापासून वरिष्ठ न्यायालयापर्यंत दाद मागितली आणि ती हरली. जिंकलेल्या शेजाऱ्याने आपली शेगडी अंगणातून हलवली होती, हे मात्र त्या बातमीत थोड्यांच्याच लक्षात राहिले.

आतापर्यंतच्या विवेचनात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांना बोलता येते. १८८२ च्याच कायद्यात दुसरेही एक कलम आहे. उघडपणे, विनाअडथळा, हक्क म्हणून वीस वर्षे चाललेली गोष्ट हक्क ठरू शकते. हवा दूषित करण्याचाही असा हक्क मिळू शकतो, हे तो कायदा धरून चालतो. वीस वर्षे कोणी बोलले नाही, म्हणजे कोणाला त्रास नव्हता, असा त्याचा हिशेब. चाकणच्या आसपास एकेका खोलीत चार-पाच जण मिळून राहणारे कंत्राटी कामगार कोठल्याही सोसायटीचे सभासद नसतात. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या त्यांच्यापैकी कोणाच्या उशाशी खालच्या हॉटेलचा किंवा घरमालकाचा एक्झॉस्ट फॅन सकाळपासून घरघरत असतो. त्यांचे नाव सभेच्या नोंदवहीत येत नाही आणि त्यांचे पत्रही कोणाला जात नाही. एखाद्याने विचारलेच, तर त्याला सांगितले जाते की जमत नसेल तर खोली बदल.