बारमाही गळ

आमच्या मावळात सुटी ही पूर्वी मोसमी गोष्ट होती. मे महिन्यात लोणावळ्याचे बंगले उघडत आणि पहिला पाऊस अंगावर घेऊन मंडळी मुंबईला परतत. आता सुटी बारमाही झाली आहे. हिवाळ्यात पवनेच्या काठी तंबू लागतात, आणि पावसाळ्यात तर भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. सुटी बारमाही झाली, तसा पाहुण्यांचा गळही बारमाही झाला.

मी पेशाने शाळामास्तर आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. गळ टाकून बसलेल्या माणसाविषयी मला आकस नाही. उलट दोन-दोन तास न बोलता बसू शकणाऱ्या माणसाबद्दल आदरच वाटतो. मासे मी आवडीने खातो. तेव्हा हा काही अहिंसेवरचा उपदेश नव्हे. माझा प्रश्न लहानसा आहे. जे बारा महिने करता येते, ते बारा महिने करावे काय?

समुद्रावर हा प्रश्न फारसा पडत नाही. पावसाळा तोंडावर आला की दर्याच होड्या किनाऱ्यावर ओढायला लावतो, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच कोळी पुन्हा होडी पाण्यात लोटतो. आता त्याला सरकारी बंदीचीही जोड मिळाली आहे. तिथे संयमाच्या पाठीशी लाटेचा धाक उभा आहे. आमच्या तळ्यांना अशी लाट नाही. नियम कागदावर असले तरी ते पाळायला लावणारा दर्या काठावर नाही. ऐन पावसातही कडेला छत्री धरून बसावे आणि गळ टाकावा, कोण अडवणार? म्हणून संयमाची खरी परीक्षा समुद्रावर होत नाही, ती तळ्याकाठी होते.

माशाचे वर्ष काही बारा सारख्या महिन्यांचे नसते. मृगाचा पाऊस कोसळला आणि ओढे गढूळ होऊन धावू लागले, की पोटात अंडी घेतलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो. आपल्या दख्खनचा महासीर, ज्याचे वर्णन कर्नल साइक्स याने १८३९ साली प्रसिद्ध केले, तोही पावसाळ्यातल्या वाहत्या पाण्यातच अंडी घालतो. म्हणजे आपली सुटी जेव्हा ऐन रंगात येते, तेव्हाच त्याचे बाळंतपण असते!

यावर हौशी मंडळींचे एक उत्तर ठरलेले आहे. "मास्तर, तळ्यात मासे आहेत ते सोडलेल्या बीजाचे. त्यांना कसला आलाय विणीचा हंगाम?" हे अगदीच खोटे नाही. रोहू-कटला धरणाच्या साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी ओरिसात पियुषग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांची वीण घडवून आणली आणि तेव्हापासून मत्स्यबीजाचा मार्ग मोकळा झाला. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीजकंपनीने महासीराची पैदास करून लाखो पिले वाढवली, हेही मोठेच काम. परंतु बीज म्हणजे काही दुकानातला माल नव्हे, की एक संपला, दुसरा आणला. इथला महासीर कावेरीत नेऊन सोडला गेला, आणि तिथल्या मूळच्या महासीराच्या ऱ्हासाला तोच हातभार लागला, असे अभ्यासक आता सांगतात. उदारपणे दिलेल्या देणग्यासुद्धा सावधपणे द्याव्या लागतात, त्या अशा. शिवाय तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यांतून चढणारे लहानसहान देशी मासे कोणी विकत आणून सोडत नाही. त्यांचे बीज त्यांच्या पोटातच असते.

दुसरे उत्तर अधिक सोवळे आहे. "आम्ही धरतो आणि सोडून देतो." त्यात काहीजण श्रावण पाळणारेही असतात! ताटात मासा चालत नाही, गळाला मात्र चालतो. सोडणे हे मारण्यापेक्षा बरे, यात शंका नाही. पण अंड्यांनी जड झालेल्या जीवाला दमेपर्यंत ओढावे, त्याच्याबरोबर छायाचित्र काढावे आणि मग दया दाखवावी, ही दया मला उशिरा आलेली वाटते. श्रावण आपण आपल्या पुण्यासाठी पाळतो. तोच एकदा माशासाठी पाळून पाहिला तर?

इथे मात्र मला थांबावे लागते. माझ्या वर्गातली कातकरी मुले पहिल्या पावसात चार दिवस दिसत नाहीत. एकाला विचारले, "काय रे, कुठे होतास?"

"चढणीला गेलतो, गुरुजी. आईनं चुलीवर सुकत घातल्यात."

त्याला मी काय सांगणार? ज्या हंगामाला मी विणीचा म्हणतो, तोच त्याच्या घरी बेगमीचा. मासा तोच, अंडी तीच. मग एकाला मुभा आणि दुसऱ्याला बंदी, हा कुठला न्याय? पुष्कळ विचार करून मला वाटते, हाच न्याय. उपवास त्याने करावा, ज्याच्या घरी जेवण आहे. उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगू नये. संयमाचा पहिला हप्ता नेहमी भरल्या पोटाने भरायचा असतो. प्रत्यक्षात आपण उलटे करतो. कातकऱ्याच्या आकडीकडे बोट दाखवतो आणि आपल्या गळाला छंद म्हणतो.

महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथल्या डोहातले मासे देवीचे मानतात. कोणी धरत नाही, उलट त्यांना खाऊ घालतात. देवीचे भय आपल्याला उरले नसेल, तर नसो. पण एक डोह, एक ऋतू आपल्या हौसेबाहेर ठेवण्याची रीत भयाशिवायही शिकता येईल.

या दिवाळीत तळी काठोकाठ भरलेली असतील. मुलाबाळांना घेऊन जरूर या, गळ टाका, मिळालेला मासा आनंदाने खा. फक्त पुढच्या मृगापासून भाद्रपद सरेपर्यंत गळ घरी खुंटीला टांगून ठेवा. मुलांनी कारण विचारले, तर सांगा की कोणी अडवलेले नाही, म्हणूनच आपण थांबलो आहोत.