आधी सांगा, मालक कोण?

जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या रोलिंग मिलसमोर शिफ्ट सुटताना उभे राहिले, तर मराठीइतकीच भोजपुरी कानावर पडते. तापलेल्या लोखंडाजवळचे काम बहुतेक परप्रांतीयांचे आणि तेही ठेकेदाराकडून आलेल्यांचे. त्यातल्या कुणाला वाटले, की शेजारच्या पर्मनंट माणसाएवढेच काम करून आपल्याला कमी मिळते, तर तो कोर्टात जाऊ शकतो का? कागदावर, हो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांनी सारख्या कामाला सारखे वेतन सांगितले. अडचण पुढे आहे.

आपल्याकडे मोठ्या मालकाविरुद्ध भेदभावाचे दावे झाले नाहीत, असे नाही. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीतल्या स्टेनोग्राफर ऑड्री डिकॉस्टा यांनी पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगाराविरुद्ध दाद मागितली. युनियनशी करार झालाय, शिवाय आर्थिक स्थिती बरी नाही, ही कंपनीची बाजू १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मात्र बाईंकडे एक गोष्ट होती, जी भट्टीवरच्या माणसाकडे नसते: त्या कंपनीच्याच नोकर आहेत, हे कंपनी नाकारू शकत नव्हती.

दुसरा दावा एसटीचा. बसगाड्या धुणारे, झाडलोट करणारे वर्षानुवर्षे तात्पुरतेच राहिले. त्यांच्यासाठी लढली कास्ट्राईब संघटना, म्हणजे मागासवर्गीय कर्मचाऱ्यांची. झाडू कुणाच्या हाती राहतो आणि कायमपणाचा कागद कुणापर्यंत पोचत नाही, याचे उत्तर संघटनेच्या नावातच आहे. तरी दावा जातीच्या नावाने चालला नाही. खासगी नोकरीत जातीवरून पगार किंवा बढती अडवली, तर थेट दाद देणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाहीच. आणि महामंडळ सरकारी, म्हणून घटनेतल्या समतेचा आधार असूनही इथे कामाला आला तो १९७१ चा महाराष्ट्राचा कामगार कायदा, ज्याला वकील ‘एमआरटीयू’ म्हणतात. त्याच्या चौथ्या अनुसूचीत कलम ६ आहे: कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने माणसाला वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी ठेवणे ही अनुचित प्रथा. आधीचे कलम ५ गुणवत्ता न पाहता एका गटाला झुकते माप देण्याविषयी. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एसटी कामगारांच्या बाजूने निकाल दिला. तात्पुरत्या सरकारी नोकरांना कोर्टांनी सरसकट कायम करू नये, असे सांगणाऱ्या २००६ च्या उमादेवी निकालाने अशा अनुचित प्रथेवर कायम करण्याचा आदेश देण्याचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार हिरावला जात नाही, असेही स्पष्ट केले.

आता सिप्ला या औषध कंपनीच्या दाव्यातला २००१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल शेजारी ठेवून पाहा. तिथेही माणसे सफाईचीच, फक्त मधे ठेकेदार. आम्ही खरे तर कंपनीचेच कामगार, ठेका नावापुरता, असे युनियनचे म्हणणे. न्यायालयाने सांगितले, की मालक-कामगार नातेच वादात असेल, तर ते आधी दुसऱ्या कायद्याखाली सिद्ध करा, मग अनुचित प्रथेची तक्रार घेऊन या. काम तेच, झाडू तोच, आणि दाराशीच अडवणूक. न्यायशास्त्राच्या दृष्टीने यात तर्क असेलही; मला तो मालकाच्या सोयीचा वाटतो. कारण नाते वादात आणायला मालकाला एक नकार पुरतो. ते सिद्ध करायला मजुराला हजेरीपट, पगारपत्रक, गेटपास लागतो, आणि हे कागद असतात समोरच्याच्या कपाटात.

म्हणून जालन्यासारख्या गावात भेदभावाचे खटले कमी दिसतात याचा अर्थ भेदभाव कमी, असा लावू नये. गावाकडे परतायची गाडी ठरलेल्या माणसाने आधी मालक सिद्ध करायचा, मग अन्याय, आणि दोन्ही कोर्टांच्या तारखांना हजर राहायचे. नात्याचा पुरावा देण्याचे ओझे ज्याच्या आवारात काम झाले त्याच्यावर टाकले, तर यातला पहिला फेरा तरी वाचेल.