समोरची फळी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या पुतण्याने घरच्या अंगणातच आपल्या मोटारीचा डॅशबोर्ड सजवायला घेतला. उन्हाने विटलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या त्याने अलगद उचकटल्या, साबणाच्या पाण्याने धुतल्या, स्पिरिटने पुसल्या आणि त्यांवर सागवानी रेषांचे विनाइलचे आवरण चढवायला आरंभ केला. हेअर ड्रायरच्या उबेने ते मऊ होते आणि वळणावर नेमके बसते. मधून कडेकडे दाबत गेले की हवेचे फुगे निघून जातात. दोन दिवस तो त्यात रमला होता.

प्लास्टिकला सागवानाचे सोंग देणे ही अप्रामाणिकता नव्हे काय, असा प्रश्न आमच्या मनात आला. परंतु जुन्या गोव्यातील बॉम जीझस बासिलिकेची वेदी आठवली. तीही लाकडाचीच, सोन्याच्या वर्खाने मढविलेली. तो वर्ख लाकूड झाकतो, पण कुणाला फसवीत नाही. हाताखालची साधी वस्तू प्रेमाने सजविणे हे पाप नव्हे. सजावट जोवर कुणाचे काही हिरावून घेत नाही, तोवर ती निर्दोषच म्हणावी लागेल.

खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी उभा राहिला. चालकाशेजारच्या आसनासमोर एअरबॅगचे झाकण असते. पुतण्याला त्यावरूनही तेच आवरण सलग न्यायचे होते आणि वहिनींना तिथेच मरियामातेची छोटी मूर्ती चिकटवायची होती. आम्ही हरकत घेतली. अपघाताच्या क्षणी, पापणी लवण्याच्या आत, ते झाकण फाटून हवेची पिशवी बाहेर उसळते. आवरणाने तिची वाट अडू शकते. आणि वर चिकटविलेली वस्तू समोरच्या माणसाच्या तोंडावर वेगाने फेकली जाते.

"काका, मोटार माझीच आहे ना?" पुतण्या म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, माता सांभाळील की!"

दोन्ही उद्गार विचार करावयास लावणारे होते. मोटार त्याची, हे खरे. पण शेजारच्या आसनासमोरचे ते झाकण त्याचे आहे काय? तिथे आज आई बसेल, उद्या एखादा आजारी शेजारी. आपल्या देशात नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या आसनासाठी ती नव्या प्रकारच्या मोटारींत १ एप्रिल २०२१ पासून आणि आधीपासून बनत असलेल्या प्रकारांत ३१ डिसेंबर २०२१ पासून आली. चालकाचे रक्षण आधी, शेजाऱ्याचे मागाहून! मनुष्यस्वभावच जणू कायद्यात उतरला.

आणि श्रद्धा? मातेवर भरवसा ठेवायचा आणि रक्षणाचे साधन मात्र आपल्याच हाताने निकामी करायचे, याला श्रद्धा म्हणता येत नाही. देवाची परीक्षा पाहू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

डॅशबोर्ड हा शब्द मुळात घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल आत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली ती फळी. म्हणजे तिचा जन्मच मुळी दुसऱ्याला जपण्यासाठी झाला. शोभा मागाहून आली.

पुतण्याने बाकीच्या पट्ट्या सजविल्या, झाकण तेवढे काळेच ठेवले. मूर्ती वहिनींनी घरातल्या वेदीवर ठेवली. आता प्रवासाला निघताना सर्वजण तिच्यापुढे क्षणभर उभे राहतात आणि मग गाडीत बसून आधी पट्टा लावतात.