चित्रांतील श्लेष

श्लेषाचा विचार आपल्या साहित्यशास्त्रानें पुष्कळ केला आहे. शब्द तोडून साधलेला तो सभंग, न तोडतां साधलेला तो अभंग. परंतु चित्रानेंच श्लेष केला, तर त्यास केवळ विनोद समजावें, कीं त्याजकडून सत्याचीही अपेक्षा करावी?

अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराचें १९६२ सालचें एक प्रसिद्ध चित्र घेऊं. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें मेरिलिन मन्रो ही नटी वारली. वॉरहॉलनें 'नायगारा' या १९५३ सालच्या बोलपटाच्या जाहिरातींतील तिचें छायाचित्र रेशमी जाळीवर उतरविलें, आणि जाळींतून शाई दाबून सोनेरी रंगाच्या मोठ्या फलकाच्या मधोमध तेवढा चेहरा छापला. लग्नपत्रिका छापणारांची स्क्रीन-छपाई ती हीच. वॉरहॉल लहानपणीं ज्या पंथाच्या चर्चमध्यें जाई, त्या पंथांत संतांच्या प्रतिमा सोनेरी भूमीवर रंगविण्याची चाल आहे. सोनें देवमातेचें, मुख नटीचें! चेहरा न मोडतां साधलेला हा श्लेष आम्ही अभंग जातीचा मानतों.

यावर कोणी विचारील, उद्यां तुळजापूरच्या भवानीच्या प्रभावळींत एखाद्या नटीचें मुख छापलें, तर तुम्ही हेंच म्हणाल काय? प्रश्न टाळण्याजोगा नाहीं. छपाईनें पावित्र्य जातें, हें मात्र आम्हांस मान्य नाहीं. तुळजापुरीं देवीच्या छापील तसबिरी दुकानांत शेंकड्यांनीं टांगलेल्या असतात. त्यांतील एक घरीं येऊन तिला कुंकू लागलें, कीं ती दुकानांतला कागद राहत नाहीं.

त्याच जिल्ह्यांत तेर येथें त्रिविक्रमाचें विटांचें मंदिर आहे. त्याची पाठ अर्धवर्तुळाकार असून तें मूळचें बौद्ध चैत्य असावें, असें कित्येक अभ्यासक मानतात. वास्तु एक, अर्थ दोन, आणि कोणताही दुसऱ्यास हसत नाहीं. (गोरोबाकाकांच्या गांवीं 'अभंग' या शब्दावरच श्लेष होतो, तो वाचकांनीं सोसावा.) पण हा श्लेष काळानें केला, मनुष्य करील तेव्हां दोन्ही अर्थांचें ऋण त्याच्या माथीं असतें. वॉरहॉलच्या सोन्यांत शोक आहे, आणि नटीस देव्हाऱ्यांत बसविणाऱ्या लोकांवर बोटही आहे. सोनें काढा, दोन्ही जातात. साबण खपविण्यासाठीं प्रभावळ उसनी घेणाऱ्याचें तसें नसतें. प्रभावळ काढली तरी त्याचा साबण शाबूतच.

म्हणून तें कल्पित चित्र आम्ही न पाहतां धिक्कारणार नाहीं. मात्र तें पाहून दुखावलेल्या भक्तास सभंग-अभंगाचा भेद समजावून सांगण्यासही आम्ही जाणार नाहीं. चित्रकारानें प्रभावळ घेतली ती त्याच्या देवघरांतून, आणि त्याला न विचारतां.