प्रौढपणी पोकर शिकावा काय?



चाळिशी उलटलेल्या मनुष्याने नवा खेळ शिकावयास बसावे की न बसावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु तो खेळ पत्त्यांचा असला, आणि पत्त्यांतही पोकर असला, म्हणजे प्रश्न क्षुल्लक राहत नाही. कारण ह्या खेळात पैसा पणास लागतो. तथापि चांगली शिकलेली, विचारी माणसे असे सांगतात की, ह्याच खेळाने आम्हांस जगण्यातील एक मोठी गोष्ट शिकविली. ज्या झाडाला आपण विषारी म्हणत आलो त्याच्याच पाल्याने आपला ताप उतरला, असे कोणी सांगू लागल्यास त्याला नुसते हटकून चालत नाही. त्याचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे. म्हणून आज आपण प्रथम ते ऐकून घेऊ आणि मग निवाडा करू.

पोकर हा आपल्याकडील तीन पत्तीच्या जातीचा खेळ होय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स शहरात व मिसिसिपी नदीवरील आगबोटींत तो वाढला. आज त्याचा जो प्रकार अधिक चालतो त्यात प्रत्येकास दोन पाने झाकून मिळतात व सर्वांच्या उपयोगाची पाच पाने मध्ये क्रमाने उघडली जातात. ह्या सात पानांतून ज्याची पाच पाने सरस ठरतील तो डाव जिंकतो. अथवा इतरांनी भिऊन पाने टाकून दिली, तर हलकी पाने असलेलाही जिंकतो. प्रत्येक टप्प्यावर पैसे वाढवावे, तेवढेच घालावे की पाने टाकावी, हे ठरवावयाचे असते. म्हणजे नशीब पाने देते आणि निर्णय मनुष्य घेतो.

आता दोन उदाहरणे पाहू. जेम्स मॅक्मॅनस हे शिकागो येथील अध्यापक व ग्रंथकार. २००० साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, एका मासिकाने लास व्हेगस येथील पोकरच्या जागतिक स्पर्धेचा वृत्तांत लिहिण्यासाठी त्यांस पाठविले. तोवर ते मित्रमंडळींतच खेळत असत. मोठ्या स्पर्धेत ते अगदी नवखे होते. लेखाबद्दल आगाऊ मिळालेल्या पैशांतून त्यांनी प्रवेश मिळविण्याची खटपट केली, ती साधली, आणि ५१२ खेळाडूंत ते पाचवे आले. दुसरे उदाहरण मारिया कॉनिकोव्हा ह्या विदुषींचे. ह्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरची पदवी मिळविलेली. तिशीच्या आरंभी त्यांच्या घरावर एकामागून एक संकटे आली. आजार आला, आजीचा मृत्यू झाला, घरातील माणसांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा आपल्या आयुष्यात आपल्या हाती किती आणि दैवाच्या हाती किती, हा प्रश्न त्यांस छळू लागला. त्यांस पत्त्यांचे ज्ञान मुळीच नव्हते. एरिक सायडेल नावाच्या नामांकित खेळाडूस त्यांनी गुरू केले, अक्षरओळखीपासून आरंभ केला, आणि २०१८ च्या जानेवारीत बहामा बेटांवरील एका स्पर्धेत ८४,६०० डॉलर जिंकले. हा सर्व अनुभव त्यांनी २०२० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

ह्या माणसांस पोकरने कोणता धडा दिला? तो असा की, निर्णय निराळा आणि फळ निराळे. पाहा, ५२ पानांत आरंभीची सर्वांत उत्तम जोडी म्हणजे दोन एक्के. ती सरासरीने २२१ वेळा पाने वाटली असता एकदा येते. समजा ती आपणांस आली आणि समोरच्यास दोन राजे आले. अशा वेळी सर्व पैसे पुढे सारणे हाच योग्य निर्णय. कारण शंभरांत सुमारे ८२ वेळा एक्केच जिंकतात. परंतु उरलेल्या अठरा वेळी योग्य निर्णय घेणारा हरतो आणि चुकलेला जिंकतो. नवशिका अशा पराभवानंतर आपल्या शहाणपणालाच दोष देतो, किंवा उलट, मूर्खपणाने जिंकल्यावर स्वतःस शहाणा समजू लागतो. जो खेळ जाणतो तो स्वतःस एवढेच विचारतो, “त्या घटकेला जे मला ठाऊक होते त्यावरून मी नीट वागलो काय?”

शेतकरी बांधवहो, हा धडा आपणांस परका नाही. एकाने मृगाचा पाऊस पाहिला, वाफसा येण्याची वाट पाहिली, मग तिफण धरली. पण आर्द्रा कोरड्या गेल्या आणि त्याच्यावर दुबार पेरणीची पाळी आली. दुसऱ्याने उतावळेपणाने धूळपेरणी केली आणि दैवयोगाने आठ दिवसांत पाऊस पडला. गाव कोणाला शहाणा म्हणते? दुसऱ्याला. पहिल्याच्या मागे लोक म्हणतात, “त्याला अक्कल नव्हती.” पुढच्या वर्षी दोन-चार जण त्या दुसऱ्याचे अनुकरण करून बियाणे गमावतात. फळावरून निर्णय जोखण्याची ही खोड लास व्हेगसच्या टेबलावर जितकी आहे तितकीच आपल्या चावडीवर आहे.

तेव्हा पोकर शिकणाऱ्याचे म्हणणे पुष्कळ अंशी खरे आहे, हे आपण कबूल करू. शिवाय प्रौढ मनुष्याने पुन्हा विद्यार्थी व्हावे, आपल्याहून लहान माणसाकडून चुका दाखवून घ्याव्या, हीही मोठी गोष्ट होय. चाळिशीनंतर आपण बहुधा दुसऱ्यांस शिकवीत असतो. आपणांस काही येत नाही, असे म्हणण्याची सवयच मोडते. ज्याने ती पुन्हा लावून घेतली त्याचे काही नुकसान झाले नाही.

येथे कोणी म्हणेल की, ह्या खेळात हलकी पाने असता भारी असल्याची हूल देतात. मग तो असत्याचाच अभ्यास नव्हे काय? हा आक्षेप आम्हांस तितकासा बळकट वाटत नाही. कुस्तीत पैलवान एका अंगाला झुकल्यासारखे करून दुसऱ्या अंगाने पकड घेतो; त्याला कोणी लबाड म्हणत नाही, कारण आखाड्यात उतरणाऱ्या दोघांसही हा नियम ठाऊक असतो. जॉन फॉन नॉयमन ह्या थोर गणितज्ञाने मॉर्गेनस्टर्न ह्यांच्यासह १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गणितानेच दाखविले की, जो कधीच हूल देत नाही त्याचा खेळ समोरच्यास उघडा पडतो. तेव्हा हूल हा त्या खेळाचा भागच आहे. ती टेबलावरच ठेवावी, घरी आणू नये, एवढे पथ्य मात्र खरे.

दुसरा वाद असा की, हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा? आपल्या देशात कायद्याने ह्याच वादाचा पुष्कळ काळ विचार केला. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगारप्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळास वगळले; १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला; आणि २०२५ साली संसदेने इंटरनेटवरील पैशांच्या खेळांपुरता हा भेदच बाजूस सारून कौशल्याचे व नशिबाचे दोन्ही प्रकारचे खेळ मना केले. कायद्याचा हा विचार कायद्याच्या जागी योग्य आहे. परंतु नीतीचा प्रश्न निराळा आहे. कौशल्याने घेतलेली प्रत्येक वस्तू न्यायाची असते काय? तसे असेल तर खिसेकापूइतका कुशल कोण? आणि केवळ दैवाचा हात असल्याने एखादी गोष्ट पाप ठरत असेल, तर पावसावर भिस्त ठेवणारा प्रत्येक शेतकरी जुगारी ठरेल. म्हणून विचारावयाचे ते हे की, जिंकणाऱ्याच्या हाती जे येते ते कोठून येते?

शेतकरी एक पायली पेरतो आणि दैवाने साथ दिली तर अनेक पायल्या घरी आणतो. त्यात कोणाच्या कणगीतले काढलेले नसते. जगात आधी नव्हते ते धान्य आता आहे. व्यापारात दोघांनाही काही मिळू शकते. पोकरच्या टेबलावर मात्र नवा दाणा पिकत नाही. जेवढे आले तेवढेच फिरते. उलट, खेळाचे घर चालविणारा आपला वाटा त्यातून काढून घेतो, त्यामुळे सर्वांचे मिळून जेवढे आले त्याहून कमीच परत जाते. माझा प्रत्येक रुपया हा समोरच्याचा गेलेला रुपया होय.

मग तुम्ही म्हणाल, चिंचोके लावून खेळावे. धडा मिळेल आणि कोणाचे जाणार नाही. असे खेळण्यात आम्हांस काही दोष दिसत नाही. मुलांबाळांसह पावसाळ्याच्या संध्याकाळी कोणी खेळेल तर खुशाल खेळावे. परंतु जाणते खेळाडू सांगतात की, चिंचोक्यांवर पोकर रंगत नाही. ज्याचे काही जात नाही तो हुलीला भीत नाही आणि पानांचा विचारही करीत नाही. हरण्याचे दुःख असल्याखेरीज हा खेळ शिकवीत नाही. येथे प्रश्नाचे मर्म आहे. ज्या धड्याची किंमत दुःखाने द्यावी लागते, तो धडा मी जिंकून घेतला असता ते दुःख कोणी भोगले? समोर बसलेल्याने. त्याने स्वखुशीने पैसे लावले हे खरे. परंतु त्याच्या पाठीमागे जी माणसे उभी होती त्यांस कोणी विचारले होते?

तरुण फटिंगाच्या पाठीमागे कदाचित कोणी नसेल. प्रौढ मनुष्याचे तसे नाही. मॅक्मॅनस ह्यांच्या घरी पत्नी व मुले होती. ते जिंकले म्हणून आपण त्यांची गोष्ट आज वाचतो. २००३ साली टेनेसी संस्थानातील ख्रिस मनीमेकर नावाच्या एका हिशेबनिसाने शंभर डॉलरांहून कमी खर्चात त्याच जागतिक स्पर्धेत प्रवेश मिळविला आणि पंचवीस लाख डॉलर जिंकले. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. तीनच वर्षांनी, २००६ साली, ८,७७३ झाले. लोकांनी त्या एकाकडे पाहिले; बाकीच्या ८३८ जणांची नावे कोणास आठवत नाहीत. पाहा, जो खेळ फळावरून निर्णय जोखू नका असे शिकवितो, त्याच खेळाकडे हजारो माणसे एका मनुष्याचे फळ पाहून धावली! गोव्यात मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या जुगाराच्या जहाजांवर दिवे लागलेले काठावरून दिसतात. पण हरून परतणाऱ्याच्या घरचा विझलेला दिवा काठावरून दिसत नाही.

म्हणून आमचे मत असे. पत्ते शिकण्यात पाप नाही. दैवाशी गाठ पडण्यातही पाप नाही. परंतु ज्याच्या मिळकतीवर इतरांची पोटे आहेत त्याने ती पणास लावणे हे दुसऱ्याचे धन पणास लावणेच होय, मग तो जिंको की हरो. द्यूताच्या सभेत धर्मराजाचा दोष तो हरला हा नव्हता. जे एकट्याचे नव्हते ते त्याने पटावर मांडले हा होता. तो डाव तो जिंकला असता तरी दोष तेवढाच राहिला असता. पोकरचा जो उत्तम धडा आहे तोच धडा पोकरच्या पैशाला लावून पाहिला, तर निवाडा हाच निघतो.

मात्र तो धडा टाकून देऊ नये. कोणी म्हणेल, झाड फळावरून ओळखावे असे आपण शिकलो आहो, आणि येथे तर फळाकडे पाहू नका म्हणता! पण झाड एका फळावरून कोण ओळखतो? एका वर्षी आंबा किडका निघाला म्हणून कोणी कलम तोडीत नाही. अनेक हंगाम पाहिले म्हणजे झाडाची जात कळते. माणसाचेही तसेच आहे. यंदा ज्या शेजाऱ्याचे शेत बुडाले, ज्याची म्हैस दगावली, ज्याचा मुलगा परीक्षेत नापास झाला, त्याच्या अकलेचा निकाल देण्यापूर्वी आपण एवढे विचारावे की, त्या वेळी त्याला जे ठाऊक होते त्यावरून तो नीट वागला होता काय? वागला असेल, तर त्याला बोल लावू नये. बियाण्याची एक पायली उसनी द्यावी.

हे शिकावयास लास व्हेगसला जावे लागत नाही, आणि त्यात कोणाच्या घरचे काही जातही नाही.